मुठीच्या डब्यातला संदेश

शनिवारी सकाळी अलीशिबाबाई हिरवे आपले वरचे दात ओट्यावर काढून ठेवून ‘जिभेला लगाम’ या विषयावर मोठ्यानं बोलत होत्या. दातांशिवायचं ते बोलणं फारसं ऐकण्यासारखं नव्हतं. पण ऐकायला होतं कोण? बाहेरच्या खोलीत शांतवनराव पेपर वाचत होते, आणि वाचताना काही ऐकू न येण्याची विद्या त्यांनी लग्नानंतर लवकरच साध्य केली होती.

दुसऱ्या दिवशी महिला रविवार होता. वर्षातून एकदा त्या दिवशी चर्चमधली सगळी उपासना बायका चालवत. वाचन बाईचं, गाणी बायकांची, संदेशही बाईचाच. त्यात या खेपेला खुद्द बिशपसाहेब येणार होते. त्यांच्यासमोर संदेश कोणी द्यायचा यावर महिला मंडळात बरीच धुसफूस झाली आणि अखेर सर्वानुमते अलीशिबाबाईंचं नाव ठरलं. सर्वानुमते म्हणजे अलीशिबाबाई बोलत राहिल्या आणि बाकीच्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. ‘काही अडचण आलीच तर आपल्या रिबकाताई बोलतील,’ अशी एक पुस्ती पाळकसाहेबांनी हळूच जोडली होती. रिबका शाळेत शिकवायची, आवाज गोड होता, आणि वयानं बरीच लहान होती. ती पुस्ती अलीशिबाबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती. बिशपसाहेबांना संदेश पसंत पडला की पन्हाळ्याच्या महिला शिबिरात मुख्य वक्त्या म्हणून बोलावणं येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बोलावण्याची वाट बघत अलीशिबाबाईंचे केस पिकले होते आणि दात गेले होते.

त्यांचा हातखंडा म्हणजे रोजच्या आयुष्यातले दाखले. साध्यासुध्या गोष्टींतून देव काही शिकवत असतो, हे खोटं नाही. भाकरी थापताना, निखारा फुलताना एखादी ओळ मनात उजळते आणि दिवसभर पुरते. पुष्कळ बायकांना हा अनुभव आहे. फक्त त्या बायका ती ओळ स्वतःला लावून घेतात. अलीशिबाबाईंना देव जे शिकवी, ते नेमकं शेजारणीसाठी असे. रिबकाकडे पाहुणे बसलेले असताना गॅस संपला, तर गुरुवारच्या मंडळात दिव्यात तेल नसलेल्या मूर्ख कुमारींचा दाखला निघाला. दोन लेकरांची आई असलेल्या रिबकाला सगळ्यांदेखत कुमारी व्हावं लागलं. चिमणाबाईंचं दूध उतू गेलं, तर ‘जागृत राहा’ यावर अर्धा तास. बायडाबाईंच्या लोणच्याला बुरशी आली, तर ‘झाकून ठेवलेलं पाप’. त्या कोणाचं नाव म्हणून घेत नसत. नुसतं बघत.

मग बायका शहाण्या झाल्या. दूध उतू गेलं तर खिडक्या लावून ओटा पुसू लागल्या. बशी फुटली तर तुकडे पिशवीच्या तळाशी घालून पार रंकाळ्याच्या बाजूला टाकून येऊ लागल्या. कोल्हापुरात इतक्या गुपचूप बश्या कधी फुटल्या नसतील.

रिबकानं भावाच्या लग्नात केस काळे केले तेव्हा तर ‘खोटे केस, खोटे दागिने, खोटी भक्ती’ असा संदेश झाला. त्या यादीत दात नव्हते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अलीशिबाबाईंना वरचा एकही दात राहिला नव्हता, ही गोष्ट त्या आणि शांतवनराव सोडले तर कोल्हापुरात कुणालाच माहीत नव्हती. कवळी करून घ्यायला त्या बेळगावला गेल्या होत्या, भाचीच्या बाळंतपणाला जाते असं सांगून. भाचीचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं. परतल्यावर बायकांनी विचारलं, “मुलगा का मुलगी?” तर त्या डोळे मिटून म्हणाल्या, “प्रभूची इच्छा.” पुढं ती कवळी सैल झाली म्हणून त्याच वर्षी भाचीचं दुसरं बाळंतपण करावं लागलं.

तर शनिवारी सकाळी नवी कवळी हिरडीला टोचत होती, म्हणून ती ओट्यावर होती. शेजारी मुठीचा डबा उघडा होता.

मुठीची रीत मंडळीत जुनी. रोज भात टाकताना बाईनं मापातल्या तांदळातून एक मूठ काढायची, डोळे मिटून क्षणभर प्रार्थना करायची आणि ती मूठ वेगळ्या डब्यात घालायची. ती देवाची. महिनाअखेरी चिमणाबाई घरोघर फिरून डबे गोणीत रिकामे करत आणि तो तांदूळ गरजवंताकडे जाई. मोठी सुंदर रीत आहे. आपल्या पोटात घास जाण्याआधी दुसऱ्याच्या पोटाची आठवण होते. अलीशिबाबाई ती कधी चुकवत नसत. फक्त त्यांच्या घरी भात होई तो आजऱ्याच्या वासाच्या घनसाळ तांदळाचा, आणि मुठीसाठी रेशनचा तांदूळ निराळा आणलेला असे. देव मूठ बघतो, वास घेत बसत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांनी मूठ भरली, डोळे मिटले, आणि दारातून हाक आली.

“काय ओ वैनी, हायसा का घरात?”

हाक मारून थांबणं चिमणाबाईंना ठाऊक नव्हतं. हाक ओसरीवर आणि बाई थेट स्वयंपाकघरात. अलीशिबाबाईंनी डोळे उघडले, ओट्यावरचे दात दिसले, आणि विचार करायला वेळच उरला नाही. त्यांनी ते उचलले, समोरच्या डब्यात खुपसले आणि हातातली मूठ वर पसरली. चिमणाबाई आत आल्या तेव्हा अलीशिबाबाई ओठ मिटून, डब्यावर हात ठेवून, अतिशय पवित्र चेहऱ्यानं उभ्या होत्या.

“प्रार्थना चाललीया व्हय? करा, करा. म्या थांबतो.” चिमणाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. अलीशिबाबाईंनी घाईनं मान हलवली. “झाली? मग द्या डबा हिकडं. महिना सरायचाय अजून, पर उद्याच्या प्रीतिभोजनाला ह्योच तांदूळ शिजवायचा असं ठरलंय. बिशपसाहेबबी म्हणं आपल्या मुठीचाच भात खाणार.”

अलीशिबाबाईंचा हात डब्यावर घट्ट झाला. “हं,” त्या म्हणाल्या.

“हं काय? सोडा की.”

“हं हं.”

“आवं, सोडा म्हणतोय तर! देवाच्या डब्याला असं धरून बसत्यात व्हय?”

एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. पण तो एक शब्द बोलायला दात हवे होते, आणि दात डब्यात होते. चिमणाबाईंनी डबा काढून घेतला आणि दारात ठेवलेल्या गोणीत उपडा केला. सरसर आवाज झाला. त्यात एक ‘टक्’ असाही झाला. तो कशाचा, हे फक्त एकीलाच कळलं.

“लईच खडं दिसत्यात तुमच्या तांदळात,” चिमणाबाई म्हणाल्या आणि गोणी डोक्यावर घेऊन गेल्या.

अलीशिबाबाई बाहेरच्या खोलीत आल्या आणि त्यांनी शांतवनरावांच्या हातातला पेपर ओढला. झालेली हकिकत त्यांनी हातवारे आणि दातांशिवायचे शब्द यांच्या मिश्रणातून सांगितली. शांतवनराव सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय असल्यामुळं त्यांना ती कळली.

“मग जा की पाठोपाठ. म्हण, चुकून पडलं.”

अलीशिबाबाईंनी कपाळावर हात मारला.

“बरं, मी जाऊन सांगतो.”

यावर त्या जे बोलल्या त्याचा सारांश असा, की चिमणाबाईला कळलं म्हणजे पेठेला कळलं, आणि पेठेला कळलं म्हणजे उद्या बिशपसाहेबांसमोर रिबका. ज्याला दुसऱ्याचं उतू गेलेलं दूध मंडळीत सांगायची सवय असते, त्याला वाटतं, सगळं जग तेच करत असणार.

“जुनी कवळी कुठाय? तीच घाल एक दिवस. सैल तर सैल.”

जुनी कवळी नेसरीला होती. शांतवनरावांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, अलीशिबाबाईंनी ती देऊन टाकली होती. ज्याच्याकडं दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा, असं म्हणून. आक्का ती लग्नकार्यातच तेवढी घालत.

“मग जाऊ का नेसरीला? दुपारची एसटी मिळंल.” शांतवनराव पेपर परत उचलत म्हणाले. “पर आक्काच्या तोंडातलं काढून आणायचं म्हंजे...”

अलीशिबाबाई तोवर चपला घालत होत्या. दुपारी चर्चच्या आवारात तांदूळ निवडायला बायका जमणार होत्या. आपण जायचं, सगळा तांदूळ आपणच निवडायचा आणि दात हळूच पदरात घ्यायचे. दुसरा मार्गच नव्हता.

आवारातल्या चिंचेखाली सतरंजी घातली होती. चिमणाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. जेवणाची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या बायडाबाई मसाल्याच्या मिरच्या खुडत होत्या. रिबका ताट घेऊन आली होती. अलीशिबाबाईंना तोंडाला पदर लावून येताना पाहून तिघींचे हात थांबले. तांदूळ निवडायला त्या आजवर कधीच आल्या नव्हत्या. त्यांना दर शनिवारी संदेशाची तयारी असे.

त्या आल्या, गोणीला टेकून बसल्या आणि रिबकाच्या पुढ्यातलं ताट त्यांनी ओढून घेतलं. मग चिमणाबाईंचं सूप ओढायला गेल्या.

“आवं, आवं! काय झालं काय?” चिमणाबाईंनी सूप सोडलं नाही. “समदा तांदूळ एकट्याच निवडणार व्हय?”

अलीशिबाबाईंनी जोरात मान डोलावली.

“आणि बोलत का नाही काकू? बरं नाही का?” रिबकानं विचारलं. विचारताना तिच्या डोळ्यांत काळजी होती, आणि काळजीच्या मागं उद्याच्या संदेशाचं टिपण.

“दाढ सुजलीया वाटतं,” बायडाबाई म्हणाल्या. “लवंग देऊ? बघू, तोंड उघडा.”

अलीशिबाबाईंनी पदर दोन्ही हातांनी दाबून धरला. नेमके त्याच वेळी पाळकसाहेब तिथून चालले होते. पाळकसाहेब सज्जन होते. समोर जे दिसेल त्याचा चांगला अर्थ लावायचा हे त्यांचं व्रत होतं, आणि त्यापायी त्यांना आजवर कशाचाच खरा अर्थ लागला नव्हता.

“भगिनी बोलत नाहीत?” ते थबकले. क्षणभर त्यांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “मौन! उद्याचा विषय काय? जिभेला लगाम. आज त्या मौन धरून बसल्या आहेत. तेही सेवेला, तांदूळ निवडायला! हो ना भगिनी?”

बुडत्याला ओंडका सापडावा तशी अलीशिबाबाईंनी मान हलवली. हो, हो.

“शिका काही यातून,” पाळकसाहेब बाकीच्यांना म्हणाले आणि भारावून निघून गेले.

बायका शिकल्या, पण भलतंच. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसावं, असं माणसाला का कोण जाणे वाटतं.  मग बायडाबाईंनी एक मिरची खुडली आणि म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात माझं लोणचं परत गेलं बघ, चिमणाबाय.”

“व्हय?”

“बरणी तशीच परड्यात पुरली. ह्यास्नी सांगितलं, पावण्यांनी संपवलं.”

रिबका खुदकन हसली. “मी इस्त्री पँटवर तशीच ठेवून शाळेत गेले. ह्यांची प्रार्थनेची पँट. मागं बरोबर इस्त्रीच्या आकाराचं भोक.”

“मग गं?”

“मग काय, उद्या लांब कोट घालून येणार आहेत. उन्हाचे.”

तिघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्या आवारात असं हसल्या होत्या. अलीशिबाबाई ताटातल्या खड्यांकडं बघत होत्या आणि आतून जळत होत्या. पुरलेली बरणी! पँटचं भोक! एकेकीवर दोन-दोन गुरुवार निघाले असते. असा खजिना समोर पसरलेला, आणि उचलायला तोंड नाही.

“दर शनवारी वैनींनी मौन धरावं बाई,” बायडाबाई म्हणाल्या. “किती बरं वाटतंय.”

“आणि ह्यो रेशनचा तांदूळ कुणी घातलाय?” चिमणाबाई सूप पाखडत पुटपुटल्या. “देवाला द्यायचा म्हंजे काय, उंदरानं हुंगलेला...”

त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. सुपात तांदूळ खाली सरकला होता आणि मधोमध, गुलाबी हिरड्यांसकट, वरची पूर्ण कवळी हसत होती.

“आगं बाई गं!” बायडाबाई मिरच्यांसकट मागं सरल्या. “मेलेल्याचं हायत काय?”

“मेलेलं माणूस मुठीत दात घालतंय व्हय?” चिमणाबाई म्हणाल्या. त्यांनी सुपात वाकून पाहिलं. दातांच्या भोवती रेशनचाच तांदूळ होता, जाड, पिवळट, खड्यांचा. त्यांनी अलीशिबाबाईंकडं एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली.

रिबकाची नजर मात्र खाली गेली नाही. “काकू,” ती गोड आवाजात म्हणाली, “तुमचे तर नाहीत ना?”

अलीशिबाबाईंनी मान हलवली. नाही.

आरडाओरडा ऐकून पाळकसाहेब पुन्हा आले. त्यांनी चष्मा वर करून सुपात पाहिलं आणि विचारलं, “भगिनी, आपल्या ओळखीच्या कुणाचे?”

अलीशिबाबाईंनी दुप्पट जोरानं मान हलवली. अजिबात नाही.

मग चिमणाबाई जवळ सरकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “वैनी, नीट बघा बरं एकदा. कुणाचंबी असूं द्यात. माणसाचंच हायत, लाज कसली त्यात?”

ती वेळ होती. दार उघडं होतं, कुणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. अलीशिबाबाईंनी त्या दातांकडं पाहिलं, रिबकाकडं पाहिलं, आणि तिसऱ्यांदा मान हलवली. पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता आणि तो ढसढसा रडला होता. इथं कोंबडा नव्हता, कारण बेत मटणाचा ठरला होता.

“बरं तर,” चिमणाबाईंनी दात रुमालात गुंडाळले. “ऱ्हाऊद्यात माझ्यापाशी. ज्याचं असंल त्यो येईल.”

त्यानंतर अलीशिबाबाईंना निवडायचं काहीच उरलं नाही. पण उठून जाणार कशा? मौन धरून सेवेला बसलेल्या बाईला मधेच उठता येत नाही. अख्खी गोणी संपेतो त्या बसल्या. पाठ धरली, डोळे चुरचुरले, आणि पाळकसाहेबांनी तीन वेळा येऊन त्यांच्याकडं कौतुकानं पाहिलं.

घरी गेल्यावर शांतवनराव म्हणाले, “आता तरी चिमणाबाईकडनं मागून आणू?” त्यांनी नाही म्हटलं. मागितलं म्हणजे नाकारलेलं कबूल केल्यासारखं. “मग उद्या बरं नाही म्हणून कळवू?” तेही नाही. कळवलं की रिबका. त्यांनी आपला बेत खुणांनी सांगितला. व्यासपीठावर जायचं, पवित्र शास्त्र उघडायचं, मग गळ्याला हात लावून आवाज बसल्याची खूण करायची आणि मानानं खाली उतरायचं. रिबकाला बोलायला वेळच उरणार नाही. शांतवनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मऊ भात कालवून त्यांच्यापुढं ठेवला. त्या संध्याकाळी ते रेडिओ ऐकत निवांत बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. संसारात तेवढी खबरदारी घ्यावी लागते.

रविवारी चर्च भरलं होतं. बायका नव्या साड्यांत, रिबकाचे मिस्टर भर उन्हात लांब कोटात. बिशपसाहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. गाणी झाली, वाचन झालं. पाळकसाहेब उठले.

“आता संदेश. विषय आहे, जिभेला लगाम. आणि प्रियजनहो, ज्या भगिनी आज बोलणार आहेत त्यांनी कालपासून एकही शब्द उच्चारलेला नाही. मौन धरून त्यांनी आपल्या सर्वांच्या मुठीचा तांदूळ निवडला. आता त्या ते मौन सोडून पहिला शब्द आपल्याला देणार आहेत.”

गळ्याला हात लावण्याची खूण तिथंच निकालात निघाली. कालपासून बोलल्याच नाहीत तर आवाज बसला कशानं? अलीशिबाबाई जड पावलांनी व्यासपीठावर चढल्या, शास्त्र उघडलं आणि उभ्या राहिल्या.

नुसत्या उभ्या राहिल्या.

पंख्यांचा आवाज येत होता. कुणीतरी खोकलं. माइकवाले सयाजी वयानं थकलेले, त्यातून कानानं कमी. त्यांना वाटलं माइकच गेला. ते लगबगीनं पुढं आले, माइकवर टिचकी मारून ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले, आणि तो चांगला चालू असल्याचं सगळ्या चर्चला कळलं. सयाजी गोंधळून मागं गेले. पुन्हा शांतता.

अलीशिबाबाईंनी समोर पाहिलं. एवढी माणसं, एवढे कान, आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण असा हातातून पाण्यासारखा चाललेला. लाजेनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालावरून ओघळलं, आणि पदरानं तोंड झाकलेलं असल्यामुळं त्यांना पुसता येईना.

पहिल्यांदा बायडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. जावेला त्या दिवाळीत जे बोलल्या होत्या ते त्यांना आठवलं होतं. मग मागच्या बाकावरून हुंदका आला. कुणी मान खाली घातली, कुणी गुडघ्यांवर आलं. रिबकानं डोळे मिटले. काल सुपावरून जो गोड आवाज तिनं लावला होता तो तिला बहुधा गोड वाटेना. त्या शांततेत माणसं खरोखर प्रार्थना करू लागली. हे मान्य केलं पाहिजे. अलीशिबाबाईंच्या इतक्या वर्षांच्या संदेशांनी जे झालं नाही ते त्यांच्या गप्प राहण्यानं झालं. देवानं बलामाच्या गाढवीला बोलतं करून काम साधलं होतं. कुणाला गप्प करून ते साधणं त्याला काय अवघड?

बिशपसाहेब उठून व्यासपीठाशी आले तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते.

“मी पुष्कळ संदेश ऐकले,” ते म्हणाले. “जिभेवर ताबा ठेवा, हे सांगणारे तर फारच. पण जिभेवर ताबा ठेवून ते सांगणारी व्यक्ती मी आज प्रथम पाहिली. यंदाच्या पन्हाळ्याच्या शिबिराच्या मुख्य भगिनी ह्याच. आणि यंदा शिबिरात भाषण नाही. संपूर्ण शिबिर मौनाचं. या भगिनी पुढं बसतील, आणि आपण सगळे त्यांच्याकडून शिकू.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या महिला मंडळानं वाजवल्या.

उपासना सुटली आणि आवारात पंगती मांडल्या जाऊ लागल्या. चिमणाबाईंनी अलीशिबाबाईंना पाण्याच्या टाकीमागं बोलावलं आणि कनवटीची रुमालाची पुरचुंडी पुढं केली.

“घ्या. मिठाच्या पाण्यात ठेवलतं. मटण जरा वातड हाय आज.”

अलीशिबाबाईंनी पाठ फिरवून दात बसवले. एका दिवसानंतरचे पहिले शब्द बाहेर पडले. “कुणाकुणाला सांगितलंस?”

“काय सांगायचं त्यात? दातच की. माझंबी हालाय लागल्यात.” चिमणाबाईंनी रुमाल झटकला. “कालच दिलं असतं, पर तुम्ही नगं नगं म्हणून मान हलवलासा. चारचौघांत म्या कशाला म्हणू, तुमचंच हायत?”

एवढं बोलून त्या वाढायला गेल्या. त्यांनी काही शिकवलं नाही, कसला दाखला दिला नाही, मान वेळावून बघितलं नाही. कुणाला उमजलं असतं तर तो दिवसभरातला सगळ्यात मोठा संदेश होता. अलीशिबाबाई मात्र तोपर्यंत बिशपसाहेबांच्या पानाकडं निघाल्या होत्या. दात आले होते, जीभ मोकळी होती आणि पन्हाळ्यासाठी त्यांच्याकडं कितीतरी विषय तयार होते. मौन काढून टाका आणि रोज तीन व्याख्यानं ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

त्यांनी तोंड उघडलं.

बिशपसाहेबांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. “नाही, भगिनी. मोडू नका. पन्हाळ्यापर्यंत जपा.”

शेजारी पाळकसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग बायडाबाईंनी, मग रिबकानं, मग वाढणाऱ्या, बसलेल्या, पाणी देणाऱ्या सगळ्या बायकांनी, फार आनंदानं. पन्हाळ्याचं शिबिर दिवाळीनंतर होतं आणि आता कुठं जून चालू होता.

अलीशिबाबाई शांतवनरावांच्या शेजारी पानावर येऊन बसल्या. शांतवनरावांनी मटणाची वाटी त्यांच्याकडं सरकवली. एवढा खटाटोप करून परत मिळालेले दात त्या दिवशी फक्त मटणाच्या कामाला आले.